एपीएचएमध्ये धोरण-निवेदन कसे मांडावे आणि ते मंजूर कसे होते

महाराष्ट्रातून एमबीबीएस, बीडीएस किंवा बीएएमएस होऊन सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी अमेरिकेत आलेले अनेक विद्यार्थी पहिल्याच वर्षी अमेरिकन पब्लिक हेल्थ असोसिएशनचे, म्हणजे एपीएचएचे, सदस्य होतात. विद्यार्थ्यांना वर्गणीत सवलत असते, वार्षिक अधिवेशनात पोस्टर लावता येते, चार ओळखी होतात. आणि बहुतेकांचे सदस्यत्व तेवढ्यावरच थांबते. संघटनेची अधिकृत भूमिका ज्या प्रक्रियेतून ठरते ती साध्या सदस्यालाही खुली आहे, हे अनेकांच्या गावीही नसते, आणि ज्यांना ते ठाऊक असते त्यांना ते मोठ्या विद्यापीठांतल्या ज्येष्ठ प्राध्यापकांचे काम वाटते. तसे ते नाही. मात्र काम चिकाटीचे आहे, त्याला जवळजवळ एक पूर्ण वर्ष लागते आणि त्या वर्षात मसुदा किमान दोन-तीनदा नव्याने लिहावा लागतो, हे आधीच सांगून ठेवलेले बरे.

सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेत ठराव, सूचक आणि अनुमोदक हे शब्द ऐकत लहानाचे मोठे झालेल्या माणसाला यातली चौकट ओळखीची वाटेल. फरक एवढाच की इथे सभेत हात वर होण्याआधी कागद कित्येक महिने तपासला जातो, आणि तो तपासणाऱ्यांना तुमच्या तळमळीपेक्षा तुमच्या पुराव्यात अधिक रस असतो.

धोरण-निवेदन म्हणजे काय, आणि काय नव्हे

एपीएचएची स्थापना १८७२ साली झाली. तिच्या संस्थापकांत न्यूयॉर्कचे डॉ. स्टीफन स्मिथ हे नाव अग्रभागी येते. डॉक्टर, परिचारिका, साथरोगतज्ज्ञ, आरोग्य निरीक्षक, समाजसेवक, संशोधक असे सार्वजनिक आरोग्याशी संबंध असलेले सर्व प्रकारचे लोक या संघटनेत येतात, त्यामुळे ती कोणत्याही एका व्यवसायाची संघटना नाही. या मंडळींचे एखाद्या प्रश्नावर मिळून काय म्हणणे आहे, ते म्हणणे कोणत्या पुराव्यावर उभे आहे आणि कोणी काय करावे असे त्यांना वाटते, हे सांगणारा आणि गव्हर्निंग कौन्सिलने, म्हणजे संघटनेच्या घटकांच्या प्रतिनिधींच्या मंडळाने, मतदानाने मंजूर केलेला दस्तऐवज म्हणजे धोरण-निवेदन. सदस्यांच्या रोजच्या बोलण्यात ‘पॉलिसी स्टेटमेंट’.

रुग्णावर कोणते उपचार करावेत हे सांगणारी मार्गदर्शक तत्त्वे हा वेगळा प्रकार आहे. ताज्या घटनेवर काढलेले प्रसिद्धिपत्रक हाही वेगळा प्रकार आहे, कारण ते कर्मचारी लिहितात आणि ते लिहिताना त्यांना आधीच्या एखाद्या मंजूर निवेदनाचा आधार लागतो. नवख्या माणसाने नेमकी हीच गोष्ट लक्षात घ्यावी. अमेरिकी काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, समितीसमोर साक्ष द्यायची असो, एखाद्या संघीय खात्याच्या प्रस्तावित नियमावर अभिप्राय पाठवायचा असो किंवा न्यायालयात त्रयस्थ म्हणून निवेदन दाखल करायचे असो, वॉशिंग्टनच्या कार्यालयातला माणूस पहिल्यांदा विचारतो की या विषयावर आपली मंजूर भूमिका काय आहे. भूमिका नसेल, किंवा असूनही मोघम असेल, तर त्याचे हात बांधलेले राहतात. तुमचा मसुदा उद्या या माणसाच्या हातात पडणार आहे, असे समजून लिहायला बसावे.

आणखी एक मर्यादा आहे. अमेरिकेच्या करकायद्याखाली एपीएचए ही ५०१-सी-३ प्रकारातली धर्मादाय संस्था आहे. अशा संस्थेला कायदे करण्याविषयी मर्यादित प्रमाणात आपले म्हणणे मांडता येते. मात्र निवडणुकीत कोणत्याही उमेदवाराच्या बाजूने किंवा विरोधात उभे राहता येत नाही. त्यामुळे मसुद्यात पक्षाचे किंवा उमेदवाराचे नाव घेऊन टोला हाणण्याचा मोह आवरावा.

पहिली पायरी: आधीचे काय आहे ते पाहणे

मंजूर निवेदनांचा संग्रह संघटनेच्या संकेतस्थळावर शोधता येतो. निवेदनाच्या क्रमांकात पहिले चार आकडे मंजुरीच्या वर्षाचे असतात आणि पुढे त्या वर्षातला अनुक्रमांक येतो. हवामानबदलावरची दोन निवेदने २००७८ आणि २०१५७ या क्रमांकांनी ओळखली जातात. म्हणजे एक २००७ सालचे, दुसरे २०१५ सालचे. प्रथमदर्शनी हा पिनकोड वाटतो, पण एकदा खूण पटली की यादी भराभर वाचता येते.

शोध घेताना तुमच्या विषयाच्या नावाने एखादे निवेदन आहे का, एवढेच पाहून थांबू नये. प्रत्येक नव्या मसुद्यात आधीच्या निवेदनांशी त्याचे नाते काय, हे स्वतंत्रपणे लिहावे लागते. नवा मसुदा जुन्याची जागा घेणार आहे, त्यात भर घालणार आहे की जुन्याने मोकळे सोडलेले एखादे अंग हाताळणार आहे, ते तिथे स्पष्ट व्हावे लागते. पुष्कळदा असे आढळते की आपल्याला म्हणायचे होते त्यातले बरेचसे आधीच म्हटले गेले आहे आणि उरलेला भाग म्हणजेच आपला खरा विषय आहे. हे आढळले तर निराश होऊ नये. मसुदा त्यामुळे आटोपशीर होतो.

या लेखात समजावण्यासाठी एक विषय सोबत ठेवू: उन्हात आणि उष्ण बंदिस्त जागेत काम करणाऱ्या मजुरांचे संरक्षण. विदर्भातून आलेल्या वाचकाला मे महिन्यातल्या दुपारी दोन वाजता बाहेर काम करणे म्हणजे काय हे सांगायला नको. मात्र निवेदन अमेरिकी संस्थांना उद्देशून असल्यामुळे पुरावा आणि कायदा तिकडचा लागेल.

दुसरी पायरी: माणसे जोडणे

एपीएचएचे काम सुमारे तीस सेक्शनांतून चालते. साथरोगशास्त्र, माता व बालआरोग्य, व्यावसायिक आरोग्य, पर्यावरण असे त्या त्या विषयाचे सेक्शन आहेत. शिवाय राज्यांतल्या संलग्न संघटना, विविध कॉकस, म्हणजे समान ओळख किंवा आस्था असलेल्या सदस्यांचे गट, आणि विद्यार्थ्यांची असेंब्ली आहे. एकट्या सदस्याने मसुदा पाठवायला मनाई नाही, तरी एकट्याने पाठवू नये असा माझा आग्रह आहे. सेक्शनचा पाठिंबा मिळाला की तपासणाऱ्यांना कळते की या विषयात रोज काम करणाऱ्या लोकांनी कागद वाचलेला आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, त्या सेक्शनचे प्रतिनिधी गव्हर्निंग कौन्सिलमध्ये बसतात.

आपल्या उदाहरणात व्यावसायिक आरोग्य आणि पर्यावरण या सेक्शनांकडे सगळेच जातील. ज्या सेक्शनला तुमचे म्हणणे खटकण्याची शक्यता आहे तिथे आधी जावे, हे मात्र सहसा कोणाला सुचत नाही. त्यांची हरकत जूनमध्ये फोनवर ऐकणे हे नोव्हेंबरात भरसभेत ऐकण्यापेक्षा केव्हाही परवडते.

तिसरी पायरी: मसुदा

मसुद्याचा साचा ठरलेला आहे. शीर्षक, आधीच्या निवेदनांशी नाते, हा विषय आत्ता का, समस्येचे वर्णन, समस्येवरचे पुराव्याधारित उपाय, विरोधी युक्तिवाद, पर्यायी उपाय, कृतीचे टप्पे आणि संदर्भ, असा तो क्रम असतो. पानांची आणि संदर्भांची कमाल मर्यादाही असते. ती त्या वर्षीच्या सूचनापत्रकातून घ्यावी, गेल्या वर्षीच्या मित्राच्या फाइलवरून घेऊ नये.

समस्येचे वर्णन हा भाग विद्यार्थ्यांना चांगला जमतो, किंबहुना नको तितका जमतो. प्रबंधातले अख्खे प्रकरण तिथे उतरवले जाते आणि उपायांना दीड पान उरते. तपासणाऱ्याला ऊन घातक असते हे पटवून द्यावे लागत नाही. कोणते मजूर, कोणत्या कामात, कामाच्या कोणत्या दिवसांत दगावतात हे त्याला हवे असते. आपल्या विषयात या प्रश्नाचे उत्तर फार बोलके आहे: धोका सर्वाधिक असतो तो नव्या मजुराला, पहिल्या काही दिवसांत, कारण शरीराला उन्हाची सवय झालेली नसते. म्हणूनच व्यावसायिक सुरक्षा व आरोग्याची संघीय संशोधन संस्था, नायोश, असे सुचवते की नव्या मजुराला पहिल्या दिवशी नेहमीच्या वेळेच्या २० टक्क्यांहून अधिक काळ उन्हात ठेवू नये आणि पुढे रोज २० टक्क्यांहून अधिक वाढ करू नये. समस्येतला हा एक बारकावा पुढे उपायाचा कणा होतो. असा बारकावा सापडेपर्यंत लिहायला घेऊ नये.

उपायांच्या भागात काय केले असता काय घडले, हे दाखवावे लागते. कॅलिफोर्नियाने २००५ साली तातडीचा आणि २००६ साली कायमस्वरूपी नियम करून उघड्यावर काम करणाऱ्यांना पाणी, सावली आणि विश्रांती देणे बंधनकारक केले. २०२१ च्या भीषण उष्णतेनंतर ओरेगॉननेही नियम आणला आणि वॉशिंग्टन राज्याने आपला आधीचा नियम कडक केला. संघीय पातळीवर नायोशने उष्णतेविषयी मानक असावे अशी शिफारस १९७२ सालीच केली होती, आणि कामगार सुरक्षेचे नियम करणाऱ्या ओशा या संस्थेचा प्रस्तावित नियम ३० ऑगस्ट २०२४ रोजी राजपत्रात आला. ही दोन वर्षे शेजारी शेजारी ठेवली की ‘हा विषय आत्ता का’ या रकान्यासाठी वेगळी वक्तृत्वकला लागत नाही.

इथे आपल्याकडचा अनुभव आणावा का, असा प्रश्न मराठी विद्यार्थ्याला पडतोच. अहमदाबाद महापालिकेने २०१० च्या उष्णतेच्या लाटेनंतर २०१३ साली उष्णता कृती आराखडा केला आणि त्यावर शोधनिबंधही प्रसिद्ध झाले आहेत. तो पुरावा म्हणून जरूर द्यावा. पण तो शहरातल्या सर्व नागरिकांसाठी इशारा देणारा आराखडा आहे आणि तुमचे निवेदन मालकावर बंधन घालणाऱ्या नियमाविषयी आहे, हा फरक तुम्ही स्वतःच सांगितला पाहिजे. तो तपासणाऱ्याने दाखवून दिला तर बाकीच्या संदर्भांवरचाही त्याचा विश्वास उडतो.

विरोधी युक्तिवाद: इथे सगळ्यांत अधिक वेळ द्यावा

माझ्या मते संपूर्ण साच्यातला सर्वांत मोलाचा आणि सर्वांत वाईट लिहिला जाणारा भाग हा आहे. बहुतेक मसुद्यांत विरोधकाचे म्हणणे इतके बावळट करून मांडलेले असते की त्याचे खंडन शाळकरी पोरानेही करावे. तसे खंडन अधिवेशनातल्या सुनावणीत टिकत नाही, कारण तिथे खरा विरोधक उभा असतो.

आपल्या उदाहरणात विरोधक काय म्हणतो? तो म्हणतो की अ‍ॅरिझोनाची कोरडी उष्णता आणि लुइझियानाची दमट उष्णता यांना एकच राष्ट्रीय नियम लागू पडणार नाही. मालकाने कामाची जागा ज्ञात धोक्यांपासून मुक्त ठेवली पाहिजे असे सर्वसाधारण कर्तव्य १९७० च्या कायद्यात आधीच आहे, मग वेगळा नियम कशाला, असेही तो म्हणतो. दहा माणसे ठेवणाऱ्या शेतकऱ्याला नोंदी ठेवण्याचा खर्च झेपणार नाही, हा त्याचा तिसरा मुद्दा. स्थानिक नियमांचे निरनिराळे तुकडे व्यवसायाला जाचक होतात, हा चौथा. आणि तो कागदावरचा युक्तिवाद नाही, कारण टेक्सासने २०२३ साली आणि फ्लोरिडाने २०२४ साली कायदे करून शहरांना व परगण्यांना असे स्थानिक नियम करण्यापासून रोखले आहे.

हे चारही मुद्दे विरोधकाने वाचून ‘होय, मला हेच म्हणायचे आहे’ असे म्हणावे इतक्या प्रामाणिकपणे लिहावेत, आणि मग एकेकाला उत्तर द्यावे. पहिल्या मुद्द्याचे उत्तर असे की नियम तापमान आणि आर्द्रता दोन्ही धरणाऱ्या निर्देशांकावर बांधता येतो. दुसऱ्याचे उत्तर असे की सर्वसाधारण कर्तव्याच्या तरतुदीखाली उष्णतेचे प्रत्येक प्रकरण स्वतंत्रपणे सिद्ध करावे लागते, आणि ती कारवाई सहसा माणूस दगावल्यावर होते. तिसऱ्या मुद्द्यात मात्र तथ्य आहे. तेव्हा तो खोडण्याच्या खटपटीत न पडता लहान मालकांसाठी सोप्या नोंदी आणि प्रशिक्षणाची मदत यांची तरतूद कृतीच्या टप्प्यांतच करून टाकावी. विरोधकाचा एखादा मुद्दा मान्य केल्याने मसुदा कमकुवत होतो ही भीती निराधार आहे. मसुद्यावर वेगवेगळ्या विचारांची सुमारे दोनशे माणसे मत देणार आहेत आणि त्यांतल्या काहींना तोच मुद्दा सतावत असणार.

पर्यायी उपायांचा भाग छोटा चालतो. सक्तीऐवजी ऐच्छिक प्रशिक्षण किंवा विम्याच्या हप्त्यात सवलत असे मार्ग नमूद करून ते एकटे पुरेसे का नाहीत, ते पुराव्यासह सांगितले की झाले.

कृतीचे टप्पे: क्रियापद कोणाचे?

शेवटी जे वापरले जाते ते हेच. इथले प्रत्येक वाक्य संघटनेबाहेरच्या, नाव घेऊन सांगता येईल अशा संस्थेला उद्देशून असावे लागते. एपीएचएने समिती नेमावी किंवा एपीएचएने परिषद भरवावी, अशी कामे धोरण-निवेदनातून सांगायची नसतात. मागणी पुराव्यावर आधारलेली, नैतिक, न्याय्य आणि व्यवहार्य असावी ही अपेक्षा सूचनापत्रकात असतेच.

पहिल्या मसुद्यात सहसा असे वाक्य येते: ‘सरकारने उन्हात काम करणाऱ्या मजुरांच्या आरोग्याकडे गांभीर्याने लक्ष द्यावे व जनजागृती करावी.’ या वाक्याला कोणाचीच हरकत नसते, आणि म्हणूनच ते निरुपयोगी आहे. कोणते सरकार? लक्ष दिले की नाही हे कोण मोजणार? जागृती कोणाची, मजुराची की मुकादमाची? तेच वाक्य पुन्हा लिहून पाहू: ‘काँग्रेसने कायदा करून ओशाला असे निर्देश द्यावेत की उघड्यावरच्या आणि बंदिस्त अशा दोन्ही कामांसाठी पाणी, सावली, सवेतन विश्रांती आणि नव्या मजुराला उष्णतेची टप्प्याटप्प्याने सवय होऊ देणे बंधनकारक करणारा नियम ठरावीक मुदतीत अमलात आणावा.’ आता यातला प्रत्येक शब्द कोणाला ना कोणाला बोचू शकतो. ‘सवेतन’ या एका शब्दावर अर्धा तास चर्चा होऊ शकते, आणि तो शब्द काढला तर नगावर मजुरी मिळणारा माणूस सावलीत बसणारच नाही, हे तुम्हाला ठामपणे सांगता आले पाहिजे.

असे सहा-सात टप्पे पुरेत. राज्यांच्या आरोग्य खात्यांनी उष्णतेने झालेल्या मृत्यूंची व्यवसायासह नोंद करावी, हा टप्पा साधा वाटला तरी वगळू नये, कारण मृत्यूच्या दाखल्यावर केवळ हृदयविकार लिहिला गेला की ऊन हिशोबातून सुटते.

चौथी पायरी: सादर करणे आणि जॉइंट पॉलिसी कमिटीचे शेरे

मसुदे परंपरेने फेब्रुवारीत मागवले जातात. नेमकी तारीख दर वर्षी नव्याने जाहीर होते. लेखकांपैकी कोणी एपीएचएचा सदस्य असावा लागतो. कोणाला त्या विषयाशी संबंधित कंपनीकडून किंवा संघटनेकडून मानधन मिळत असेल तर ते आपणहून सांगून टाकावे.

त्यानंतर कागद जॉइंट पॉलिसी कमिटीकडे जातो. संघटनेच्या विज्ञान, शिक्षण आणि कृती या मंडळांतली मंडळी तिच्यात प्रामुख्याने असतात. वसंत ऋतूत ही समिती प्रत्येक मसुदा वाचून त्याविषयी अनुकूल, सशर्त किंवा प्रतिकूल असा अभिप्राय देते. नव्या लेखकाच्या वाट्याला ‘सशर्त’ आला तर पेढे वाटायला हरकत नाही. सोबत शेऱ्यांचे पत्र येते आणि ते पहिल्या वाचनात उद्धट वाटते. दोन दिवस ते बाजूला ठेवावे. मग एक तक्ता करावा: डावीकडे प्रत्येक शेरा जसाच्या तसा, मध्ये तुम्ही केलेला बदल, उजवीकडे बदल केला नसेल तर त्याचे कारण. ‘संदर्भ जुना आहे’ आणि ‘दाव्याला संदर्भ नाही’ हे शेरे वाद न घालता दुरुस्त करावेत. ‘ही मागणी पुराव्याच्या पलीकडे जाते’ असा शेरा आला तर मात्र थांबून विचार करावा. अशा वेळी नवीन पुरावा तरी द्यावा लागतो किंवा मागणी तरी आवरती घ्यावी लागते, आणि विशेषणे वाढवून ते साधत नाही.

सुधारित मसुदा उन्हाळ्यात परत जातो आणि सदस्यांच्या अभिप्रायासाठी खुला होतो. या काळात आपल्या सेक्शनच्या बैठकांना हजर राहावे.

पाचवी पायरी: सुनावणी आणि मतदान

वार्षिक अधिवेशन शरद ऋतूत, ऑक्टोबरच्या अखेरीस किंवा नोव्हेंबरात भरते. प्रस्तावित निवेदनांवरची सुनावणी ही त्यातली अशी बैठक असते की जिथे कोणताही सदस्य उठून बोलू शकतो. लेखकाने इथे भाषण करायला जाऊ नये. मसुदा सगळ्यांपुढे असतो. बोलायला मोजकी मिनिटे मिळतात. बाजूने बोलणारी तीन-चार माणसे आधी ठरवावीत आणि प्रत्येकाने वेगळा मुद्दा घ्यावा. शेतमजुरांच्या दवाखान्यात काम करणारी परिचारिका जे सांगेल ते साथरोगतज्ज्ञाने सांगू नये, आणि उलटही. विरोधात कोणी बोलले तर त्याचे शब्द उतरवून घ्यावेत. सभागृहाबाहेर त्याला गाठून कोणता शब्द बदलला तर तुमची हरकत उरणार नाही, असे विचारावे. सुनावणीनंतर समिती पुन्हा बसते आणि अखेरची शिफारस ठरवते. त्या रात्री लेखकाचा फोन सुरू असावा.

मतदान गव्हर्निंग कौन्सिल करते. सेक्शन, संलग्न राज्य संघटना आणि इतर घटकांचे मिळून सुमारे दोनशे जण त्यात असतात. तिथे सामान्य सदस्याला मत नसते, म्हणून आपल्या सेक्शनच्या प्रतिनिधीशी आधी बोलणे हाच त्याचा मार्ग. प्रतिनिधीला दहा पाने देऊ नयेत; कृतीचे टप्पे आणि समितीची शिफारस असा एक कागद द्यावा.

फेब्रुवारीनंतर काही घडले तर

फेब्रुवारीची मुदत उलटून गेल्यावर एखादी मोठी घटना घडली तर तिच्यासाठी ‘लेट-ब्रेकर’ नावाची वाट आहे. अधिवेशनाच्या तोंडावर मसुदा देता येतो, पण मंजूर झालेला लेट-ब्रेकर तात्पुरताच असतो. तो टिकवायचा तर पुढच्या वर्षी पूर्ण प्रक्रियेतून पुन्हा आणावा लागतो. आळसाने मुदत चुकवलेल्यांसाठी ही पळवाट नव्हे, हे समितीला चांगले कळते.

या वाटेवर काय होऊ शकते याचे नमुनेदार उदाहरण म्हणजे पोलिसी हिंसाचार हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे असे म्हणणारे निवेदन. २०१६ साली डेन्व्हरच्या अधिवेशनात ते लेट-ब्रेकर म्हणून मंजूर झाले. पुढच्या वर्षी अटलांटात ते पूर्ण निवेदन म्हणून आले तेव्हा गव्हर्निंग कौन्सिलने ते नाकारले. लेखकांनी हार न मानता मसुदा नव्याने बांधला, पाठिंबा वाढवला आणि १३ नोव्हेंबर २०१८ रोजी सॅन डिएगोत ते मोठ्या बहुमताने मंजूर झाले, क्रमांक २०१८११. ज्यांचा मसुदा यंदा पडेल त्यांनी ही तीन वर्षे आठवावीत आणि मंजूर निवेदन प्रत्यक्ष उघडून वाचावे. विरोधी युक्तिवाद कसा हाताळावा हे त्यात पाहायला मिळते.

दुसऱ्या संघटनेत जाल तर

सगळीकडे अशीच रीत असेल असे मानू नये. १८४७ साली स्थापन झालेल्या अमेरिकन मेडिकल असोसिएशनमध्ये हाउस ऑफ डेलिगेट्स हे प्रतिनिधिगृह भूमिका ठरवते आणि मसुदा ठरावाच्या जुन्या घाटात येतो: आधी ‘ज्याअर्थी’, मग ‘त्याअर्थी’. मंजुरीनंतर धोरण म्हणून उरतो तो फक्त ‘त्याअर्थी’चा भाग. म्हणजे तुमचा सारा सुंदर पुरावा ‘ज्याअर्थी’त गळून पडतो आणि मागणीचे वाक्य एकटे उरते, ते एकटे उभे राहू शकते का, हे आधीच पाहावे. ठराव संदर्भ समित्यांपुढे सुनावणीला जातात, वादाचे नसलेले ठराव एकगठ्ठा मंजूर होतात, आणि ज्यावर चर्चा हवी तो ठराव प्रतिनिधी त्या गठ्ठ्यातून बाहेर काढून घेतात.

तिथे तज्ज्ञांचा शब्दही शेवटचा नसतो. जून २०१३ मध्ये शिकागोच्या बैठकीत स्थूलपणाला रोग म्हणावे की नाही हा प्रश्न आला. संघटनेच्याच विज्ञान व सार्वजनिक आरोग्य परिषदेचा अहवाल तसे म्हणण्याच्या बाजूने नव्हता. प्रतिनिधिगृहाने तरीही रोग म्हणण्याचा ठराव मंजूर केला. हे चांगले झाले की वाईट, यावर आजही दोन मते आहेत. नवख्या सदस्याने यातून इतकेच घ्यावे की पुरावा तपासणारे आणि मत देणारे या दोन वेगळ्या मंडळी असतात आणि तयारी दोघांसाठी स्वतंत्रपणे करावी लागते.

मंजुरीनंतर

मंजूर निवेदन संग्रहात जाते, आणि कोणी हलवले नाही तर तिथेच पडून राहते. तेव्हा त्याच आठवड्यात कृतीच्या टप्प्यांत ज्या संस्थांची नावे घेतली त्यांची यादी काढावी आणि निवेदनाची प्रत कोणत्या खात्याकडे, कोणत्या अभिप्राय-मुदतीत उपयोगी पडेल हे सेक्शनच्या पदाधिकाऱ्यांना व कार्यालयाला लिहून कळवावे. राज्यातली संलग्न संघटना तेच निवेदन आपल्या विधिमंडळापुढे नेऊ शकते.

जुनी निवेदने वेळोवेळी तपासली जातात आणि कालबाह्य झालेली अभिलेखागारात टाकली जातात, म्हणून मसुदा, शेऱ्यांचा तक्ता आणि संदर्भांच्या प्रती एका ठिकाणी जपून ठेवाव्यात. काही वर्षांनी ते अद्ययावत करणारा विद्यार्थी कदाचित अजून बारावीत असेल. प्रसिद्ध झालेल्या निवेदनावर लेखकांची नावे छापलेली नसतात, ते संघटनेचे म्हणणे असते. त्यामुळे बायोडेटात ते ‘माझा लेख’ म्हणून घालू नये; ‘मसुदा लेखक’ असे लिहून निवेदनाचे शीर्षक, क्रमांक आणि मंजुरीची तारीख द्यावी.